‘फक्त’ कोणी लिहायचे?

चेकवर रक्कम अक्षरी लिहून झाली की शेवटी ‘फक्त’ लिहायचे आणि उरलेल्या जागेत आडवी रेघ ओढायची, हे आपल्याकडे वेगळे शिकवावे लागत नाही. बँकेच्या नोकरीत हा शब्द मी किती हजार वेळा पाहिला असेल, त्याची गणती नाही. ‘रुपये पाच हजार’ एवढेच लिहून जागा मोकळी सोडली, तर पुढे ‘नऊशे नव्याण्णव’ भरायला कोणाला फारसे कष्ट पडत नाहीत. ‘फक्त’ हा त्या रकमेला घातलेला बांध असतो. त्यात कोणावर अविश्वास दाखवलेला नसतो. देणारा सज्जन, घेणाराही सज्जन; तरी तो शब्द लिहायचाच, कारण चेक हातोहात फिरतो आणि वाटेतले सगळेच हात आपल्या ओळखीचे नसतात.

गेल्या पन्नास वर्षांत जगातले बहुतेक महत्त्वाचे सॉफ्टवेअर ज्या भाषांत लिहिले गेले, त्या भाषांत हा ‘फक्त’ लिहिण्याची सक्ती नव्हती. लिहिणाऱ्याने आठवणीने लिहिला तर लिहिला. तो राहून गेला की काय होते, आणि त्याची किंमत शेवटी कोण मोजतो, हा आजच्या लेखाचा विषय आहे. विषय संगणकाचा असला तरी वाचकांनी पान उलटू नये. ज्यांच्या हातात स्मार्टफोन आहे आणि त्या फोनमध्ये बँकेचे खाते आहे, त्या सर्वांचा हा विषय आहे. पेण आणि रोहा या दोन गावांत माझी नोकरीची बरीच वर्षे गेली. तिथे हल्ली भाजीवालीच्या टोपलीवरही पैसे भरण्याचा चौकोनी ठिपक्यांचा कागद चिकटवलेला दिसतो.

एक अलीकडचे उदाहरण घेऊ. २०२३ साली गणेशचतुर्थी १९ सप्टेंबरला होती. चतुर्थीच्या आधीचे दिवस पेणमध्ये कसे असतात, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. पेण शहर, हमरापूर, जोहे या भागातल्या कारखान्यांतून मूर्ती बाहेर पडत असतात आणि त्यांच्या आधी त्यांची छायाचित्रे जगभर गेलेली असतात. पूर्वी गिऱ्हाईक कारखान्यात येऊन मूर्ती ठरवी. आता अमेरिकेतला भाचा फोनवर चित्र पाहून ‘मामा, ही पितांबरवाली’ असे कळवतो. नेमक्या त्याच दिवसांत, ६ सप्टेंबरला, ॲपल कंपनीच्या सुरक्षा विभागाने आणि टोरंटो विद्यापीठातल्या ‘सिटिझन लॅब’ या संस्थेने गूगलला एक दोष कळवला. इंटरनेटवरची चित्रे आटोपशीर जागेत मावावीत म्हणून ‘वेबपी’ नावाचा एक प्रकार गूगलने २०१० साली काढला होता. हे चित्र उलगडून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच भोक होते. विशिष्ट तऱ्हेने बिघडवलेले चित्र ब्राउझरने नुसते उघडले, तरी त्या चित्रातून हल्लेखोराचा हुकूम यंत्रात शिरू शकत होता. ११ सप्टेंबरला क्रोमची दुरुस्ती आली आणि या भोकाचा प्रत्यक्ष वापर चालू असल्याचे गूगलनेच मान्य केले. पाठोपाठ फायरफॉक्स, एज, ऑपेरा अशा सगळ्यांना धावपळ करावी लागली, कारण चित्र उलगडणारा तो तुकडा सगळ्यांनी एकाच ठिकाणाहून घेतला होता.

यात वाचकाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चित्र पाहणाऱ्याने काहीही चूक केलेली नव्हती. त्याने अनोळखी दुव्यावर बोट ठेवले नाही, कोणाला ओटीपी सांगितला नाही, लॉटरीच्या आमिषाला भुलला नाही. त्याने चित्र पाहिले, इतकेच.

हे घडते कसे? संगणकाची स्मृती म्हणजे बँकेतल्या लॉकरची खोली समजा. ओळीने खण आहेत आणि प्रत्येक खणाला क्रमांक आहे. ब्राउझर हा काउंटरवर बसलेला कारकून. दिवसभर अनोळखी माणसे त्याच्यापुढे कागद टाकतात, तो ते वाचतो आणि त्यांतला माल खणांत ठेवतो. आता एखाद्याने ‘दहा खणांचा माल आहे’ असे सांगून बारा खणांचा माल पुढे केला आणि कारकुनाने मोजून न पाहता तो ओळीने भरत नेला, तर शेवटचे दोन नग शेजाऱ्याच्या खणांत जातात. शेजारच्या खणात कारकुनाला पुढे काय करायचे याच्या सूचना ठेवलेल्या असतील, तर त्या पुसल्या जाऊन चोराच्या सूचना तिथे येतात. कारकून प्रामाणिक असतो. तो त्या निमूटपणे पाळतो. वेबपीचा दोष याच जातीचा होता. खण मोजून मागवले होते कमी आणि भरले जात होते जास्त.

दुसरी जात अधिक कावेबाज आहे. ग्राहकाने लॉकर सोडला की तो दुसऱ्याला देण्यापूर्वी त्याचे कुलूप बदलायचे, हा बँकेतला जुना दंडक. जुन्या ग्राहकाने किल्ली परत केली, सही केली, सगळे रीतसर झाले, तरी कुलूप बदलायचेच. त्याने किल्लीची नक्कल करून ठेवलीच नसेल हे कोणी सांगावे? सॉफ्टवेअरमध्येही काम संपले की खण परत द्यायचा असतो आणि तो दुसऱ्या कामाला दिला जातो. पण एखाद्या कोपऱ्यात जुन्या क्रमांकाची चिठ्ठी तशीच पडून राहते. पुढे केव्हातरी कारकून त्या चिठ्ठीवरून खण उघडतो आणि आत जे असेल ते आपलेच समजून वापरतो. दरम्यान त्या खणात आपला माल येईल अशी व्यवस्था चोराने करून ठेवलेली असते. ब्राउझरमधल्या गंभीर दोषांत या जातीचे दोष फार आढळतात. २०२० साली गूगलने क्रोमविषयी जाहीर केले की, त्यातल्या गंभीर सुरक्षादोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष स्मृतीच्या हाताळणीतले आहेत आणि त्यांतले निम्मे या सोडलेल्या खणांचे आहेत. त्याच्या आदल्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनेही आपल्या दुरुस्त्यांविषयी ७० टक्क्यांचाच आकडा सांगितला होता.

दोष नवा आहे म्हणावे तर तसेही नाही. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या अमेरिकन विद्यार्थ्याने सोडलेल्या एका प्रोग्रॅमने तेव्हाच्या छोट्याशा इंटरनेटवरचे हजारो संगणक आडवे केले. त्याच्या शिरकावाच्या वाटांपैकी एक हीच होती. समोरच्या संगणकाने ५१२ अक्षरांची जागा राखली होती, मॉरिसच्या प्रोग्रॅमने ५३६ पाठवली. वरची चोवीस अक्षरे घात करून गेली. एप्रिल २०१४ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोररच्या सहाव्यापासून अकराव्या आवृत्तीपर्यंत सगळ्यांना लागू असलेला सोडलेल्या खणाचा एक दोष जाहीर झाला. गंमत अशी, की विंडोज एक्सपीला दुरुस्त्या देणे मायक्रोसॉफ्टने त्याच महिन्याच्या ८ तारखेला बंद केले होते. आपल्याकडच्या कितीतरी बँकांच्या शाखा आणि एटीएम यंत्रे तेव्हा एक्सपीवरच चालत होती. कंपनीला नियम मोडून १ मे रोजी एक्सपीसाठीही दुरुस्ती द्यावी लागली. पुढे एटीएममधून एक्सपी हटवण्यासाठी रिझर्व्ह बँकेला जून २०१८ मध्ये मुदती घालून द्याव्या लागल्या. म्हणजे दोष, त्याचे निदान आणि त्यावरचा उपाय या तिन्ही गोष्टी माहीत असूनही वर्षे गेली.

आता कोणी म्हणेल, या सगळ्या हेरांच्या आणि सरकारांच्या भानगडी; पेणच्या मूर्तिकाराचे किंवा रोह्याच्या पेन्शनरचे यात काय जाते? असली हत्यारे महाग असतात आणि प्रथम निवडक माणसांवरच चालवली जातात, हे खरे. २०१९ साली व्हॉट्सॲपच्या फोन-कॉलमधल्या अशाच एका दोषातून पेगॅसस हे हेरगिरीचे सॉफ्टवेअर फोनमध्ये घालता येत होते; कॉल उचलला नाही तरी चालत असे. ज्यांना लक्ष्य केले गेले त्यांत महाराष्ट्रातले वकील आणि कार्यकर्तेही होते, हे त्या ऑक्टोबरमध्ये उघड झाले. परंतु एकदा दुरुस्ती जाहीर झाली की भोक कुठे होते हे सगळ्या जगाला कळते. मग महागडे हत्यार स्वस्त होते आणि ज्यांनी दुरुस्ती बसवली नाही त्यांच्यासाठी भुरटेही ते वापरू लागतात. शेवटी नागवला जातो तो जुना फोन असलेला माणूस.

रोह्याला माझ्या परिचयाच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. शाखेत असताना त्यांचे खाते माझ्याकडे होते, त्यामुळे त्या अजून मला ‘साहेब’ म्हणतात आणि मी त्यांना ‘बाई’. मध्यंतरी त्यांनी विचारले, “साहेब, हा फोन सारखा अपडेट करा, अपडेट करा म्हणतो. चांगला चालतोय की! कशाला नसती उठाठेव?” मी त्यांना लॉकरचा दाखला देऊन हे सगळे समजावले. बाई शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, “म्हणजे चूक त्यांची आणि धावपळ आपली?”

बाईंचा हा प्रश्न मला मोठमोठ्या परिसंवादांतल्या भाषणांपेक्षा मोलाचा वाटतो. कारण सायबर सुरक्षेविषयी आपल्याकडे जो उपदेश चालतो, तो जवळजवळ सगळा ग्राहकाला उद्देशून असतो. हे करू नका, ते उघडू नका, सावध राहा. फोन लावला की आधी ध्वनिमुद्रित बोधामृत आणि मग पलीकडचा आवाज, हेही आपण अनुभवले आहे. हा उपदेश खोटा नाही. भामट्यांच्या थापांपासून तो वाचवतो. पण भिंतीलाच तडा असेल तेव्हा ‘दाराला कडी लावा’ हे सांगणे अपुरे पडते. आणि त्याचा एक दुष्परिणाम असा, की फसलेला माणूस स्वतःलाच अपराधी समजू लागतो. वयस्कर माणसे तर घरातही सांगत नाहीत. मुलगा रागावेल, सून हसेल, या धास्तीने गप्प बसतात.

खारेपाटातल्या शेतकऱ्याला हे पटकन कळेल. वढाव, भाल या बाजूची भातशेती खाडीच्या पातळीशी झुंजत उभी आहे. मधे असतो तो मातीचा बांध. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला त्या बांधाला खांड पडली, की खारे पाणी शेतात शिरते आणि पुढची दोन-तीन वर्षे ती जमीन धड पीक देत नाही. खांड पडायला मोठे कारण लागत नाही. खेकड्याचे बीळही पुरते. म्हणून पूर्वी गावकरी एकत्र जमून श्रमदानाने बांध राखत. त्या रीतीला आमच्याकडे ‘जोळ’ म्हणत. १९४८ साली खारजमिनींसाठी कायदा झाला, मंडळ आले, आणि बांधांची जबाबदारी सरकारकडे गेली. तेव्हापासून बांध कोणी राखायचा यावर जे वाद चालतात ते चालोत. पण खांड पडल्यावर ‘तू भात जपून का लावला नाहीस?’ असे शेतकऱ्याला आजवर कोणी विचारलेले नाही. बांध वेगळा आणि लावणी वेगळी, हे सगळ्यांना समजते. फोनच्या बाबतीत मात्र आपण दोन्हींची गल्लत करतो.

मग हे बांध नीट का बांधले जात नाहीत? याचे उत्तर कौशल्यात नाही, हिशेबात आहे. सी ही भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास घडवली. तेव्हा संगणकाची स्मृती सोन्याच्या भावाने मिळे; प्रत्येक वेळी खण मोजत बसणे परवडणारे नव्हते. लिहिणारा जाणकार आहे, तो चुकणार नाही, असे भाषेने गृहीत धरले. पण त्याही आधी, साठच्या दशकात, इंग्लंडमध्ये टोनी होअर यांच्या चमूने केलेल्या प्रणालीत प्रत्येक खणाची सीमा तपासली जात असे. होअर यांनी १९८० च्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात एक आठवण सांगितली आहे. वेग वाढवण्यासाठी ही तपासणी बंद करण्याची सोय हवी का, असे त्यांनी ग्राहकांना विचारले होते, आणि ग्राहकांनी एकमुखाने ‘नको’ म्हटले. आपल्या हातून किती चुका होतात हे त्या ग्राहकांना ठाऊक होते. ग्राहकाला अक्कल नसते असे मानणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी.

आज स्मृती स्वस्त आहे, यंत्रे वेगवान आहेत आणि पर्यायही तयार आहेत. मोझिला कंपनीच्या आश्रयाने वाढलेल्या ‘रस्ट’ या भाषेची पहिली पक्की आवृत्ती मे २०१५ मध्ये आली. तिच्यात सोडलेल्या खणाची चिठ्ठी वापरू पाहिली, तर प्रोग्रॅम तयारच होत नाही. सीमा ओलांडू पाहिली तर तो तिथेच थांबतो. म्हणजे ‘फक्त’ न लिहिलेला चेक काउंटरवरूनच परत. गूगलने अँड्रॉइडमध्ये नवे काम अशा सुरक्षित भाषांत करायला घेतले, तेव्हा स्मृतीच्या दोषांचे प्रमाण २०१९ मधल्या ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आले, असे त्या कंपनीनेच सांगितले आहे. जुना डोलारा एका रात्रीत पाडून नवा उभारता येत नाही, हे मान्य. पण हा दोष म्हणजे पाऊसपाण्यासारखी दैवी आपत्ती नव्हे, मनात आणले तर तो कमी करता येतो, एवढे या आकड्यांनी सिद्ध केले आहे.

मनात आणायला भाग कोणी पाडायचे, हाच खरा प्रश्न. रोह्याशेजारी धाटावची औद्योगिक वसाहत आहे, रसायनांचे कारखाने आहेत. उद्या तिथे वायू गळला तर ‘श्वास जपून घ्या’ असा सल्ला देऊन कारखानदाराला हात झटकता येणार नाहीत. डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीत श्रीराम कंपनीच्या कारखान्यातून ओलियम वायूची गळती झाली. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच वर्षी निःसंदिग्धपणे सांगितले, की धोक्याचा धंदा करणाऱ्याला ‘मी काळजी घेतली होती’ ही सबब चालणार नाही. सॉफ्टवेअरच्या धंद्यात मात्र उलटी तऱ्हा आहे. ‘मला मान्य आहे’ या बटणाखाली जो लांबलचक मजकूर असतो, त्यात बहुधा ‘माल आहे तसा दिला आहे, नुकसानीला आम्ही जबाबदार नाही’ असे कंपनीने आधीच लिहून घेतलेले असते. त्याखाली आपण रोज सही करतो.

युरोपने या बाबतीत पाऊल उचलले आहे. १० डिसेंबर २०२४ रोजी अमलात आलेल्या तिथल्या सायबर रेझिलियन्स कायद्याने उत्पादकाला साधारणपणे किमान पाच वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या देणे बंधनकारक केले आहे. त्यातली मुख्य कलमे डिसेंबर २०२७ पासून लागू व्हायची आहेत. आपल्याकडेही पायाचा एक दगड आहे. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने म्हटले होते, की दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा, तर यंत्रणेत अन्यत्र असेल, आणि ग्राहकाने बँकेकडून सूचना मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवले, तर त्याच्यावर काडीचाही बोजा पडू नये. ग्राहकाची चूक आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेवरच टाकली होती. ज्या बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे बालपण रोह्यात गेले, त्या बँकेला शोभेल असेच हे वाक्य आहे. पण किती शाखांत ते ग्राहकाच्या डोळ्यांसमोर लावलेले असते? ‘ओटीपी सांगू नका’चा फलक मात्र दारातच असतो.

पेणकरांना तर हे अधिकच झोंबेल. २०१० साली पेण अर्बन सहकारी बँक खोट्या कर्जखात्यांपायी कोसळली. ती खांड संगणकाची नव्हती, माणसांनी पाडलेली होती. पण खारे पाणी शिरले ते ठेवीदारांच्या शेतात. आयुष्यभराची पुंजी अडकलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांच्या बोलण्यात पैशाइतकाच एक सल असे, की आम्ही काय चुकलो? काहीच चुकलेले नसताना भोगावे लागणे, हे माणसाला आतून मोडते.

म्हणून बाईंना मी दिलेले उत्तर इथे लिहून ठेवतो. धावपळ आपल्याला करावी लागेल हे खरे, कारण खांड दिसल्यावर बांध कोणाचा यावर वाद घालत कोणी उभे राहत नाही. अपडेट आला की तो त्याच दिवशी बसवावा. फोनचा आणि ब्राउझरचा, दोन्हींचा. बसवल्यावर ब्राउझर एकदा बंद करून पुन्हा उघडावा, तेव्हाच दुरुस्ती लागू होते. ज्या फोनला अपडेट येणे थांबले आहे त्यावर गाणी ऐकावीत, नातवंडांचे फोटो पाहावेत. बँकेचे खाते ठेवू नये. पैसे गेल्याचे कळताच १९३० या क्रमांकावर आणि बँकेला लेखी कळवावे, आणि शरमेने घरात लपवू नये.

परंतु एवढ्यावर आपले कर्तव्य संपले असे मानू नये. महागड्या फोनांना सात वर्षे दुरुस्त्या देऊ, असे गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केले. आठ-दहा हजारांचा फोन घेणाऱ्याला मात्र दुकानात रंग, कॅमेरा आणि हप्ता एवढेच सांगितले जाते. औषधाच्या पाकिटावर मुदतीची तारीख छापतात. दुधाच्या पिशवीवर छापतात. तशीच फोनच्या खोक्यावरही ठसठशीत मराठीत छापलेली असावी: ‘या फोनला सुरक्षेच्या दुरुस्त्या अमुक तारखेपर्यंत मिळतील.’ यासाठी नवा शोध लागायला नको, सरकारचा एक हुकूम पुरे आहे. तो निघेपर्यंत पुढचा फोन घेताना पेणच्या बाजारपेठेत काय किंवा रोह्याच्या स्टेशनरोडवर काय, काउंटरवर उभे राहून प्रत्येकाने आधी ही तारीख विचारावी. दहा गिऱ्हाइकांनी विचारली की दुकानदार कंपनीला विचारील.